ओल्या कॉलरी

३ मे, शनिवार

आजपासून होटगी रोडच्या बंगल्यात कामाला लागले. मी बसव्वा, गाव मैंदर्गी, शाळा चौथीपर्यंत. ही वही दिपालीवैनींनी दिली. कुठल्या बॅगेत काय घातलं ते रोज लिही म्हणाल्या. वही जाड हाय, बाकीचंबी लिहिते. माझं अक्षर वाचायला कोण येतंय!

घर झकास हाय. मला वेगळी खोली, डोक्यावर पंखा, नळाला दिवसभर पाणी. कुमारशेठचा खडीचा धंदा. येत्या तेरा तारखेला ते आफ्रिकेला शिकारीला निघणार. तिकडं फी भरली की कायद्यानं हरणं मारता येतात. मी म्हणलं, आमच्या माळावर काळविटाला दगड मारला तर फॉरेस्टवाले उचलतात, आणि तुमी पावती फाडून गोळी घालणार व्हय? शेठ लई हसले. वैनी म्हणाल्या, ही बाई टिकंल बघा, तोंड आहे हिला.

काम बिरप्पानं लावलं. तो हितला वॉचमन, माझ्या भावकीतला धनगर. मला अक्का म्हणतो. पंधरा वर्सं मेंढरामागं हिंडून माझे गुडघे गेले, आता सावलीतलं काम मिळालं. हे सोडायचं न्हाय.

५ मे, सोमवार

मोठ्या बॅगेत सहा शर्ट, चार पँटी, सगळं मातकट. मिलिटरीसारखं ठिपक्याचं कापड चालत न्हाय, तिकडचे पोलीस धरतात. लहान बॅगेत दुर्बीण, मलेरियाच्या गोळ्या, पिवळ्या तापाच्या इंजेक्शनचं कार्ड. बंदूक न्यायची न्हाय, तिथंच भाड्यानं मिळती. एका बॅगेला तेवीस किलो. हुकाच्या काट्याला लटकवून वजन करते, दंडात गोळे येतात.

चाळीस कडक भाकऱ्या केल्या, शेंगाची चटणी डबल पिशवीत बांधली. वैनी म्हणाल्या, पिशवी फुटली तर सिंह सोलापूरच्या वासानं येईल. मी म्हणलं, येऊ दे, भाकरी चावताना त्याचेच दात पडतील.

७ मे, बुधवार

गेल्या साली शेठ तिकडं जीपमधून पडले, खांदा मोडून रिकाम्या हातानं परत आले. वैनींना ती धास्ती. बिरप्पानं त्यांना आमच्यातली रीत सांगितली होती. निघायच्या आधी देवाला मेंढरू द्यायचं. पाठीवर भंडारा टाकायचा, मानेवर पाणी सोडायचं आणि थांबायचं. त्यानं अंग झाडलं की समजायचं, वरून व्हय म्हणालं. न्हाय झाडलं तर दिवस गेला तरी थांबायचं. तरीबी न्हाय, तर मेंढरू सोडून द्यायचं.

आज मागच्या अंगणात ते केलं. दोरी बिरप्पाच्या हातात, पाणी माझ्या हातात, नाव शेठचं. दीड तास झाला, मेंढरू दगडासारखं उभं. ऊन त्रेचाळीस. सुरीवाला ताटकळलेला, शेठ फोनवर, चुलीवर माझी डाळ करपायला आलेली. मला थांबणं जमत न्हाय, जन्मात जमलं न्हाय. वाकल्यासारखं केलं आणि दोन बोटांनी त्याच्या कानात पाणी सोडलं. कानात पाणी गेलं की कुठलंबी मेंढरू झाडतंयच. झाडलं. सगळ्यांनी हात जोडले, सुरी फिरली. डाळ वाचली.

बिरप्पानं बघितलं. आज जेवला न्हाय.

८ मे, गुरुवार

इस्त्री करून भरलेल्या सहाच्या सहा शर्टांच्या कॉलरी ओल्या. बाकी शर्ट कोरडा, नुसती मानेची जागा ओली. वैनी ओरडल्या, ओले कपडे भरतेस, बुरशी येईल. मी काय ओले भरीन? परत वाळवले, परत इस्त्री.

९ मे, शुक्रवार

आजबी ओल्या. धुतलेल्या, वाळवलेल्या, माझ्या हातानं घड्या घातलेल्या. कॉलरीला पिवळं लागलंय. वास घेतला. भंडारा.

बिरप्पाला शर्ट दाखवला. म्हणाला, अक्का, त्या दिवशी कुणी व्हय म्हणालंच न्हाय, तू म्हणवून घेतलंस. नाव शेठचं होतं, आता त्यांनाच विचारणं चाललंय, थांबंना झालंय. मी म्हणलं, येडा हायस काय. तर त्यानं सांगितलं, त्याच्या आज्याच्या वेळी एकानं असंच केलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ज्याच्या नावाचं मेंढरू होतं तो माणूस विहिरीवर उभ्या उभ्या मेंढरागत अंग झाडून खाली बसला. उठवायला गेले तर गार. अंगावर ओरखडा न्हाय.

वैनींना सांगायचं म्हणतो. मी त्याचे हात धरले. काम जाईल माझं. तो म्हणाला, सुम्म इरु. गप राहा. काय करायचं ते मी बघतो.

१० मे, शनिवार

मोठी बॅग काट्याला लटकवली. आकडा बघत होते तर बॅगनं अंग झाडलं. काटा हलला न्हाय, माझा हात हलला न्हाय. बॅगच थरथरली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कातडीवरून शहारा जावा तशी. टाकून दिली खाली. उघडली तर कपडेच. ओल्या कॉलरी.

११ मे, रविवार

दुपारी शेठ जेवत होते. हातात घास. एकदम मान झाडली गेली त्यांची. दोनदा. मेंढरू अंग झाडतं तशीच. हसले, म्हणाले थंडी वाजली. बाहेर चव्वेचाळीस डिग्री.

मी आणि वैनी एकमेकींकडं बघत राहिलो. मग त्या माझा हात धरून आत घेऊन गेल्या आणि मी सगळं सांगितलं. कानाचं, पाण्याचं, सगळं. वाटलं शिव्या घालतील. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या उठल्या आणि बिरप्पाला बोलवायला गेल्या.

शेठ, वैनी आणि बिरप्पा लई वेळ बोलत होते. दार लावून.

१२ मे, सोमवार सकाळ

शर्ट कोरडे. सहाच्या सहा. मी देवाचं नाव घेतलं, चहा केला.

चहा देताना पदर मानेला चिकटला. माझा ब्लाऊज. मागून ओला.

दुपार

पिशवी भरून निघाले. पगार नको, काय नको. गेटला कुलूप. बिरप्पा खुर्चीवर. किल्ली दे म्हणलं तर दिली न्हाय. शेठची नुसती मान झाडली गेली, म्हणजे अर्धंच झालंय म्हणाला. पाठ झाडली गेली की शेठ गेले. त्याच्या आत ज्यानं खोटं केलं त्याला विचारलं आणि त्यानं अंग झाडलं, तर शेठवरचं त्याच्यावर उतरतं.

मी म्हणलं, मी तुझी अक्का हाय रे. खाली बघून म्हणाला, आमी हात लावणार न्हाय बाई. नुसतं विचारणार.

बाई म्हणाला.

१३ मे, मंगळवार

पहाटेपासून बॅगांच्या खोलीत कोंडलंय. फोन काढून घेतला. वही राहिली. खिडकीला गज, ओरडले तर शेजारचा कूलर घरघरतोय, कुणाला ऐकू जात न्हाय.

सात वाजता तिघं आले. माझ्या पाठीवर भंडारा टाकला. वैनींनी मानेवर पाणी सोडलं. गार. फ्रीजमधलं. मी दात आवळले, मुठी आवळल्या. शेठ माझ्याकडं बघत न्हवते. घड्याळाकडं बघत होते. पाच वाजता गाडी निघणार मुंबईला. मी त्यांना म्हणलं, शेठ, तुमी हसलात की माझ्या बोलण्यावर, विसरलात का. ते म्हणाले, हलू नकोस म्हणत नाही मी, हलायचं तर हल, लवकर.

हलले न्हाय. एक तास. गेले.

दहा वाजता परत. हलले न्हाय.

वैनी रडतात. रडत रडत पाणी सोडतात.

बारा

ह्यांना थांबता येतंय. लई छान थांबता येतंय. मला —

पाठीत आतून काहीतरी चालतंय, खालून वर. मी भिंतीला पाठ लावून दाबून धरलीय. भिंत ओली.

पाच वाजेपर्यंत. नुसतं पाच वाजेपर्यंत. मग ते जातील, मग जे हाय ते त्यांच्याबरोबर —

तीन

कुलूप काढतायत. तांब्या वाजला.

मानेवर माशी बसलीय. दोन खांद्यांच्या मधी. चालतीय. हात नेला तर पाठ हलंल. न्हाय नेला तर —

वैनी दारात. मागं शेठ, बूट घालून तयार. माशी थांबली. मी लिहीत राहते, लिहिताना नुसतं बोट हलतं, नुसतं बोट, पाठ न्हाय, पाठ