घंटा वाजली की बसायचं

१९ जुलै १९३४, गुरुवार.
गुंड्या आज पुन्हा देवघरात शिरला. सासूबाईंनी निक्षून सांगितलं, देवाच्या ताटाला तोंड लावलं त्या दिवशी कुत्रं मैंदर्गीला, आमच्या शेतावर, सिद्धप्पाकडे. मला काही त्याचा लळा नाही. चोरांसाठी दारात असावा, इतकंच. पण मॅट्रिक झालेल्या बाईला एक कुत्रा शिकवता येऊ नये? श्रावणाच्या आत तयार करते.

२१ जुलै.
यांनी गिरणीतल्या साहेबाकडून इंग्रजी पुस्तक आणलं. कॉलर, चेन आणि शिट्टी हवी म्हणे. उगाच खर्च. यांच्या जुन्या पट्ट्याची कॉलर केली. पाळण्याची साखळी माळ्यावर होतीच. शिट्टी बाईमाणसाने फुंकायची म्हणजे गल्लीत शोभा. त्यापेक्षा पूजेची चीर गेलेली जुनी घंटा काढली. देवाला चालत नाही, कुत्र्याला चालेल.

२४ जुलै.
'सिट' म्हटलं की बसायचं. तो बसला नाही. साखळी ओढली तर त्याने मलाच ओढलं, मी बसले. कंबर धरली आहे. पुस्तकात मालकिणीच्या कमरेचं काही दिलेलं नाही.

२ ऑगस्ट.
यश. घंटा वाजवली की धावत येतो, पाटासमोर बसतो, भाकरीचा तुकडा घेतो. शेजारच्या फुलाबाईने भिंतीवरून विचारलं, कुत्र्याची आरती चाललीय व्हय वैनी. मी लक्ष दिलं नाही. तिची शाळा झालेली नाही.

१० ऑगस्ट. अमावास्या.
कोरड्या भाकरीकडे हल्ली नुसता बघतो. म्हणून जरा तूप लावते. हे लाड नव्हेत, पद्धत आहे. सासूबाईंना सांगितलं, आता निर्धास्त राहा.

१३ ऑगस्ट, श्रावणी सोमवार.
संध्याकाळी शेंगांच्या पोळ्यांचा नैवेद्य. सासूबाईंनी डोळे मिटून घंटा वाजवली. अंगणात पट्टा तुटला. गुंड्या आला, पाटासमोर बसला, वरची पोळी घेतली. नोंद असावी म्हणून लिहिते: उडी नाही, भुंकणं नाही. बसून घेतली.
सासूबाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "शिकवलंस की गं."

१६ ऑगस्ट.
सिद्धप्पा गाडी घेऊन आला. त्याला तुपाचं समजावून सांगितलं. व्हय व्हय म्हणाला. गुंड्या गाडीत चढला, मागे वळून पाहिलं नाही. बरंच झालं. अंगण स्वच्छ राहील.

२९ ऑगस्ट.
सिद्धप्पा ज्वारी घेऊन आला. सांगत होता, गुंड्या रोज महादेवाच्या आरतीला जातो, घंटा वाजली की देवासमोर बसतो. लोक खोबरं देतात. "लई भक्तिवान हाय, वैनीसाब. म्हातारी माणसं पाया पडाय लागलीत." त्याला सांगितलं, शिक्षणाचा परिणाम. शिकवायला मी होते.
तूप कोणी लावत नाही, असं कळलं.

३ सप्टेंबर, शेवटचा श्रावणी सोमवार.
आज घंटा मी वाजवली. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मिटलेले नव्हते, मी पाहिलं. आवाज थांबला तरी दोघी दाराकडेच बघत होतो.
मग त्या म्हणाल्या, "ती चीर गेलेली आण बघू."
आणली. वाजवली.
पोळ्या मोजून तेवढ्याच राहिल्या.