सुजाची स्पेशल

रविवार, ९ नोव्हेंबर

पहिले आली ते शकू मावशी. पाहुणे चिखलीहून निघाचेच होते अन् ही मोताळ्याहून पहिल्या गाडीनं येऊन बसली. माह्या सुनेची, छायाची मावशी. स्थळ तिनंच आणलं म्हणून तिचा मान. आल्या आल्या चहा, मंग पोहे कसे झाले ते पाहाले एक बशी, मंग मीठ बरोबर हाय का ते पाहाले अजून एक. पाहुण्याइले पुरले, नशीब आमचं.

पाहुणे चार. पोरगा, माय, बाप अन् बापाची बहीण. पोरगा प्रशील, अकोल्याले इंजिनेर हाय. दारात चपला काढताना आमच्या बी सरळ करून ठेवल्या त्यानं. मी खिडकीतून पाहून राह्यली होती. मले तिथंच आवडला.

आता गंमत. बापानं विचारलं, पोरगी काय करते? माह्या पोरानं, दिलीपनं, घसा साफ केला. मास्तर हाय तो, त्याले सुरू व्हाले टाइम लागते. तेवढ्यात मीच बोलून गेली, "आमची सुजा स्पेशल चालवणार हाय."

बुवाची बशी तोंडापाशीच थांबली. "कोणत्या स्टँडवर?" विचारते.

सुजानं, माह्या नातीनं, ओढणी तोंडात कोंबली. छाया लाल. दिलीपनं मंग सगळं सांगितलं, जीप नाही, विमान. पायलटचं लायसन हाय पोरीकडं. मोठ्या लोकांची छोटी विमानं राहतात, त्या कंपनीत तिचं चालू हाय, एक मुलाखत झाली.

पोराची माय म्हणे, "म्हणजे प्रायव्हेट."

आमच्याकडं प्रायव्हेट म्हटलं का लोक मयतीले आल्यासारखं तोंड करतात.

मंग तिनं टाइम विचारला. सुजानं खरं ते सांगून टाकलं. "टाइम नसते काकू. फोन आला का निघा लागते. कुठं, किती दिवस, ते बी तेव्हाच कळते." काकूनं बशी खाली ठेवली. "मंग घर कोण पाहीन? अकोल्यात शिकवाची नोकरी भेटते की चांगली." सुजा म्हणे, "ही लागली तर मी सोडणार नाही. नंतर नको, म्हणून आताच सांगते."

मंग तो पोरगाच बोलला, "वरून नळगंगेचं धरण दिसते का हो?"

"दिसते," सुजा म्हणे. "उन्हात ताट घासून ठेवल्यासारखं."

कळवतो म्हणून गेले. शकू मावशी जाताना म्हणे, "कमलबाई, तुम्ही बोलाले नव्हतं पाहिजे." बरं बाई. तू खाले नव्हतं पाहिजे.

सोमवार, १० नोव्हें.

(सुजाचं पुढं नुसतं सु. लिहीन. बोटं दुखतात. ही डायरी तिनंच देल्ली. पायलट लोक दर उड्डाणाचं लिहून ठेवतात म्हणे, तू बी लिहीत जाय आजी. मी चौथी शिकलेली. जमते तसं लिहून राह्यली.)

स्पेशलचं सांगायचं राहून गेलं. नांदुऱ्याच्या टेशनवर आमच्या ह्यायची, सु. च्या आबाची, काळीपिवळी जीप होती. शिटावर भरली का लाइनची गाडी, रोज तोच रस्ता, तेच थांबे. पण एखाद्यानं पुरी गाडी घेतली, तो म्हणीन तिकडं न्यायची, तर ती स्पेशल. कोणाची वरात, कोणाचं बाळंतपण, कोणाले अकोल्याच्या दवाखान्यात.

दिवाळीत सु. मले समजावून राह्यली होती. म्हणे आजी, मोठ्या कंपनीत तिकीट काढून लोक बसतात, टाइमटेबल राहते. अन् हे बिझनेस जेट म्हणजे... मी म्हटलं, थांब. ते लाइनचं विमान, हे स्पेशल. एवढंच ना? ती पाहातच राह्यली माह्याकडं. तेव्हापासून घरात आम्ही दोघी स्पेशलच म्हणतो. बाहेर नव्हतं म्हणाले पाहिजे, हे आता कळलं.

बुधवार, १२

सु. ले पोरगा आवडला. सांगितलं नाही तिनं. पण पालक निवडता निवडता विचारते, "आजी, त्यानं धरणाचं काऊन विचारलं असन?" मी म्हटलं, त्याले इचार. तर जुडी घेऊन उठून गेली.

दिलीपले वेगळीच काळजी. म्हणते, मोठ्या कंपनीत लागली असती तर ठीक होतं. हे शेटलोकायचं काम. उद्या शेटनं विमान विकलं तर पोरगी काय करीन? सु. म्हणे, "बाबा, तिथं किती दिवस झाले रांगेत हाय मी. ते म्हणतात, आधी उडवल्याचे तास दाखव. तास कुठून आणू? कोणी उडवू देईन तवाच ना." खरं हाय तिचं. स्टेरिंग देत नाही तोवर हात बसत नाही, अन् हात बसल्याशिवाय कोणी स्टेरिंग देत नाही. ह्यायले बी आधी दुसऱ्याच्या गाडीवर किन्नरकी, क्लीनरचं काम, करा लागली होती.

ह्या कंपनीची जाहिरात बी नव्हती आली. सु. ले जिनं शिकवलं त्या म्याडमनं नाव सांगितलं. ह्या धंद्यात असंच कळते म्हणे, ओळखीनं. आधी बाजूच्या शिटावर बसायचं, को-पायलट. मंग तास झाले का कॅप्टन. मंग मोठं विमान, नाहीतर लाइनच्या कंपनीत बी घेतात. असा रस्ता हाय. पण पहिलं शीट भेटलं पाहिजे. अन् शीट एकच हाय, सु. सारखे अजून हायेतच.

संध्याकाळी फोन आला. दिल्लीले बोलावलं, खोट्या विमानात परीक्षा. विमान एका हॉलमंधी राहते, हालते पण, वादळ बी दाखवते, पण जागचं जात नाही. बरं केलं बावा, कोणी काढलं असन ते.

रविवार, १६ नोव्हें.

सु. गेली, नांदुऱ्यावरून गाडी. छायानं गूळ-पोळी देल्ली, मी ठेचा.

बॅग भरताना मी बसली जवळ. मले एकदम ह्यायची पिशवी आठवली. दाराआड खुंटीले कायम भरेल राहे. एक टावेल, एक शर्ट, दाढीचं सामान, फुटाण्याची पुडी. स्पेशल आली का उतरवायची अन् निघायचं. परत आले का मी धुऊन, भरून, तिथंच टांगून ठेवो. सुरुवातीले मले राग ये त्या पिशवीचा. सवत म्हणो मी तिले. नाशकाची स्पेशल आली तवा दिलीपले गोवर होता. गेले. अन् येताना माह्यासाठी द्राक्षं. मी बोलली नाही, पण द्राक्षं खाल्ली.

हे सगळं सु. ले सांगत बसली तर ती म्हणे, "आजी, तू कशी राह्यली गं मंग?" मी म्हटलं, कशी म्हणजे? पिशवी भरत राह्यली.

त्या खुंटीले आता छत्री हाय.

मंगळ. १८

आज परीक्षा. विहारात जाऊन आली. शेजारची निर्मला विचारे, सुजाचं जमलं का? मी म्हटलं कोणतं? ती म्हणे, लग्नाचं, अजून कोणतं? मी म्हटलं, दोन्ही रस्त्यात हाय.

छायाच्या वरणात आज मीठ नव्हतं. दिलीपनं चुपचाप वरून घेतलं.

गुरुवार, २० नोव्हें.

आली सु. आली तशी झोपली, उठून सांगून राह्यली. सगळं नाही समजलं मले, समजलं तेवढं लिहिते.

खोट्या विमानात एक इंजिन बंद केलं त्यायनं मुद्दाम. सु. नं उतरवलं बरोबर. एक चूक झाली, रेडिओवर उत्तर द्याले उशीर झाला. मंग मुलाखत. समोर दोघं, एक शेवटी शेवटी घड्याळ पाहे, अन् एक कॅप्टन बाई, पिकलेल्या केसाची. बाईनं सांगितलं, इथं नुसतं उडवणं नसते. लोकायच्या बॅगा बी उचला लागतात. आतून पुसून घ्या लागते, त्यायचं जेवण आलं का पाहा लागते. विमान घेणारी पार्टी हॉटेलात, तुम्ही विमानतळावर बसून. करशीन?

सु. नं हो म्हटलं. ह्यायचं तेच तर होतं. पार्टी लग्नात जेवे, हे शिटा पुसत बसत.

मंग बाईनं विचारलं, उद्याचं माहीत नसण्यात जगता येईन का? पोरं येतात, सहा महिन्यानं लाइनच्या कंपनीत पळतात. घरचे वैतागतात. "तुझ्या घरी चालते का?"

सु. म्हणे, आजी, मले दुसरं काही सुचलंच नाही. मी आबाच्या पिशवीचं सांगून टाकलं. दाराआड खुंटी, फुटाणे, सगळं. अन् म्हटलं, ती पिशवी माही आजी भरे.

बाई हसल्या नाही म्हणे. पेन ठेवलं अन् म्हटलं, "माझ्या घरी कोणी भरली नाही." बस.

मी उठून चुलीकडं गेली. चुलीवर काहीच नव्हतं.

रविवार, २३

चिखलीवरून फोन, पोराच्या आत्याचा. दिलीपच्या नाही, माह्या फोनवर. बाई मोकळी हाय. म्हणे, "कमलबाई, आमचा भाऊ अजून हसते, कोणत्या स्टँडवर म्हणून." मंग खरं बोलली. पोराले पोरगी पसंत. पोराच्या बापाले पसंत. वहिनीचं अडलं. तिचा एकच सवाल, पोरगी उंबऱ्याबाहेर अन् माहा पोरगा कुकर लावत बसीन का?

मी विचारलं, लावता येते का त्याले?

आत्या म्हणे, "येते की. अकोल्यात एकटाच राहते, काय उपाशी झोपते का?"

मंग? मी म्हटलं. दोघी हसलो. ह्यायच्या पिशवीचं बी सांगितलं मी तिले. पण हसून सुटत नाही हे. त्या माउलीचं बी चूक नाही. एकुलता पोरगा हाय. मले बी सवत वाटेच ना ती पिशवी.

सु. ले हे सांगितलं. ती म्हणे, "आजी, मले दोन्ही पाहिजे. लय मागून राह्यली का मी?" मी तिच्या डोक्याले तेल लावून देल्लं.

बुधवार, २६ नोव्हें.

घेतलं. घेतलं सु. ले.

कॅप्टन बाईचा फोन सकाळी आला. सु. गच्चीवर मिरच्या पसरून राह्यली होती, तशीच उभी. हो म्याम, हो म्याम. खाली आली तर तिखटाच्या हातानं डोळे पुसले, मंग काय, पाणी मार अन् पाणी मार. छाया हसे अन् रडे. दिलीप शाळेतून आला, सुट्टी न मांडता. त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, कागदावर देल्लं का? देल्लं, मेलवर.

पण ह्या कंपनीचं कामच तसं. ट्रेनिंगची जागा रिकामी झाली का फोन करतील, त्याच दिवशी निघायचं. कदाचित ह्याच हप्त्यात. तयार राहा म्हटलं. स्पेशलचा पहिला नियमच तो.

मी खुंटीची छत्री काढली. टावेल, ड्रेस, पेष्ट, साबण. फुटाणे आणाले निर्मलाच्या नातीले पाठवलं. सु. म्हणे, "आजी, माही चाकाची बॅग हाय ना." हाय ना. ती बी ने. ही राहू दे दाराआड.

वरणबट्टी केली. निर्मला बी जेवून गेली. आता पुऱ्या गल्लीले कळते.

शुक्रवार, २८

दुपारी फोन, चिखलीचाच. पण आज खुद्द पोराची माय. सु. लेच द्या म्हणे. सु. नं फोन मोठ्या आवाजावर ठेवला, मले ऐकू यावं म्हणून. छायाच्या हाताले तशीच कणीक.

बाई म्हणे, "नोकरी लागली ऐकलं. अभिनंदन." सु. नं थँक्यू म्हटलं. बाई म्हणे, आम्ही रविवारी येऊन राह्यलो, पुन्हा एकदा बसून बोलू.

सु. नं माह्याकडं पाहिलं. मी काहीच खूण केली नाही, तिचं तिनंच बोलावं. ती म्हणे, "काकू, या. पण मी घरी असन का नाही, ते मी सांगू शकत नाही. फोन आला तर मले जा लागीन. तुमच्यासाठी बी थांबता येणार नाही. राग मानू नका."

छायानं डोळे मिटले.

मंग बाई म्हणे, "आजी राहतील ना घरी?"

सु. म्हणे, "हाव. आजी तर हायेच."

"मंग येतो," म्हणे बाई. "त्यायलेच काही विचारायचं हाय मले. आत्याबाई सांगे, काही पिशवीचं." अन् ठेवला.

आता हो म्हणाले येतात का नाही म्हणाले, ते काही सांगितलं नाही. दिलीप म्हणते, आशा धरू नको. छाया म्हणते, नाही म्हणाले एवढ्या दुरून कोण येते? सु. चा एक कान फोनले.

मी काय सांगणार त्या बाईले? राग येते, हे सांगीन. द्राक्षाचं बी सांगीन.

शकू मावशीले कळवलं नाही. पोहे उरले पाहिजेत.

पाहुणे येणार: रविवार, ३० तारीख, सकाळच्या गाडीनं.