जिंकलेली बाजू

प्रिय ताई,

हे पत्र दुकानाच्या मेलवर आलेलं बघून तू आधी दचकशील आणि मग चिडशील. चष्म्यांच्या ऑर्डरींमध्ये धाकटीचं पत्र, हा काय पोरखेळ, असं म्हणशील. पण घरी फोन केला की तो स्पीकरवर असतो, शेजारी आई असते, आणि हल्ली तुझा फोनही तीच उचलते. म्हणून मुद्दाम इथे लिहिते आहे. समोर गिऱ्हाईक असेल तर आधी त्याला वाटेला लाव. मग आत, काचा घासायच्या मशीनपाशी जाऊन वाच. आईला मात्र दाखवू नकोस.

मी आत्ता एका लांबलचक हॉलमध्ये बसले आहे आणि तिसऱ्यांदा खुर्ची बदलली आहे. एका जागी बूड टिकत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, पाण्याच्या नळापर्यंत जाऊन येते, पुन्हा बसते. समोरची एक आजी माझ्याकडे बघून आपली बॅग जवळ ओढून बसली आहे, तिला वाटत असेल या मुलीचं काही खरं नाही. आज अठरा दिवस झाले, बाबा माझ्याशी धड बोललेले नाहीत. कधी आत्ताच बाहेर गेलेत, कधी अंघोळीला गेलेत, कधी नुकताच डोळा लागलाय. अठरा दिवसांत माणूस इतक्या वेळा अंघोळ करतो का गं? आपले बाबा तर नाहीच करत.

पण आधी वादविवाद परिषदेचं सांगते, म्हणजे पुढचं तुला समजेल. इथे परदेशात या वर्षभरासाठी मी जिच्या घरी राहते ती बस चालवणारी मावशी. तिनेच मागच्या शनिवारी आपल्याच बसमध्ये पुढच्या सीटवर बसवून मला या गावी सोडलं. सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या एका कॉलेजात पाच दिवस वादविवाद. वीस-बावीस देशांची मुलं, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं, आणि जिकडे बघावं तिकडे कोणीतरी भिंतीकडे तोंड करून पुटपुटतंय. वेड्यांच्या इस्पितळात आल्यासारखं वाटलं पहिल्या दिवशी. माझी जोडीदारीण ओठ चावत सतत कागदाच्या चिठ्ठ्यांवर मुद्दे लिहिते, म्हणून मी तिचं नाव चिठ्ठीवाली ठेवलं आहे. तिला ते कळलंय आणि आवडलंयसुद्धा. ती तत्त्वाचं बोलते आणि मी व्यवहाराचं, म्हणजे एखादी गोष्ट प्रत्यक्षात कशी करतात ते सांगायचं काम माझं. नियम असा, की फेरीच्या पंधरा मिनिटं आधी विषय सांगतात, डब्यातून चिठ्ठी काढून बाजू ठरते आणि तयारीच्या वेळी सगळ्यांचे फोन काढून घेतात. तुला पटतं काय याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. जी बाजू आली ती जीव तोडून मांडायची.

मला त्याचं काही वाटलं नाही, कारण आपल्या घरी तेच तर चालायचं. शिवणयंत्रं दुरुस्त करून काळ्या हातांनी बाबा जेवायला बसायचे आणि आपण काहीही म्हटलं की मुद्दाम उलटं बोलायचे. तू रडकुंडीला यायचीस, मी भांडायला उठायचे आणि आई म्हणायची, पोरींना सुखानं जेवू द्या. मी स्पर्धेहून आले की जिंकलीस का असं त्यांनी कधीच विचारलं नाही. समोरच्याचा सगळ्यात चांगला मुद्दा कोणता होता, एवढंच विचारायचे. मला आठवला नाही तर म्हणायचे, मग तू ऐकलंच नाहीस, नुसती बोलून आलीस. इतका राग यायचा त्या प्रश्नाचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका तगड्या जोडीला हरवलं आणि मी घरी फोन केला. तेव्हा तू बाबांना दिलास, आठवतं? अठरा दिवसांतलं ते एकदाच. समोरच्यांचा चांगला मुद्दा मी पाठ करून ठेवला होता. बाबा म्हणाले, छान. मग म्हणाले, जपून राहा. आणि लगेच आईचा आवाज आला, की त्यांना गिऱ्हाईकाचा फोन आलाय. पुरतं अर्धं मिनिटही नाही. त्यांनी तो प्रश्न विचारलाच नाही, ताई. मनात पाल चुकचुकली, पण फेरी होती, मी तसाच फोन ठेवून पळाले.

काल उपांत्य फेरी होती. विषय आला, दूर राहणाऱ्या मुलांपासून घरातलं आजारपण लपवणं योग्य आहे. चिठ्ठी मी काढली आणि बाजू आली लपवण्याची. चिठ्ठीवालीने कपाळावर हात मारला, कारण ही हरायची बाजू. मी म्हटलं, थांब, लपवलं तर काही बिघडत नाही हे मी दाखवते, फक्त ते नीट लपवता आलं पाहिजे. आणि पंधरा मिनिटांत मी झरझर लिहीत गेले. फोन उचलायचं काम एकाच माणसाकडे द्यायचं. आजारी माणसाला बोलायला द्यायचं, पण घोटभर. नाही असं कधी म्हणायचं नाही, आत्ताच बाहेर गेले म्हणायचं. मुलाला त्याच्याबद्दलच इतकं विचारायचं, की त्याला काही विचारायला वेळच उरू नये. मध्ये मध्ये फोटो पाठवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलाला रागवायचं नाही, कारण काळजीतल्या माणसाला रागवताना रडू फुटतं.

उभी राहून बोलले तेव्हा लोक हसले. अगदी जिथे हसायला हवं तिथे. मी रंगात आले होते. आणि रागवायचं नाही या मुद्द्यापाशी आले तेव्हा मला एकदम आठवलं, की मागच्या आठवड्यात मी केस कानापर्यंत कापल्याचं आईला सांगितलं आणि ती म्हणाली, चांगलं केलंस. आपली आई! दोन बोटं केस कापले तरी आठवडाभर घर डोक्यावर घेणारी. ताई, मी काही सुचून बोलत नव्हते. मी तुमचीच नक्कल करत होते, एकेक मुद्दा घरून आलेला. माझं बोलणं चालूच राहिलं, सवयीने, पण हातातला कागद ओला झाला होता. शेवटचं मिनिट मी काय बोलले ते चिठ्ठीवालीला विचारावं लागलं.

आम्ही जिंकलो. तिन्ही परीक्षकांनी मला सगळ्यात जास्त गुण दिले. त्यांतल्या एक म्हाताऱ्या बाई, चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या, नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, इतकं बारीक तर आमच्या रुग्णांच्या घरच्यांनाच माहीत असतं, तुला कसं माहीत? मी हसून वेळ मारून नेली. मग फोन परत मिळाले आणि तू मंगळवारी पाठवलेला बाबांचा फोटो मी पुन्हा उघडला. बाबा दुकानात, मशीनपुढे, हसताहेत. आणि डोळ्यांवर तो तपकिरी फ्रेमचा चष्मा. मी निघायच्या आधीच्या आठवड्यात नाकावर मोडला होता तो. तूच काळी फ्रेम बसवून दिलीस आणि जुनी माझ्यासमोर कचऱ्यात टाकलीस. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईने ही चूक करावी? दुसरं कोणी असतं तर मी म्हटलं असतं नजर चुकली. पण तू माणसाच्या आधी त्याची फ्रेम बघतेस. म्हणजे तो जुना फोटो तू न बघताच पाठवलास, किंवा डोळ्यांत पाणी होतं म्हणून दिसलं नाही.

मी फार चिडले तुमच्यावर. मला काय काचेचं भांडं समजता? तुम्ही तिघं एकमेकांसमोर रडत असाल, पाळीपाळीने दवाखान्यात जात असाल, आणि मी इथे टाळ्या घेत फिरते आहे. पण तुझ्यावरचा राग दुपारपर्यंत टिकला नाही. हे बाबांचंच डोकं, ते मला कळतं. तिचं वर्ष बुडता कामा नये, असं त्यांनी तुझ्याकडून वदवून घेतलं असेल. तू कधी त्यांचा शब्द मोडला नाहीस, तो मान सगळा माझा. रोज फोनवरचं ते खोटं सांभाळून मग गिऱ्हाइकांना अक्षरं वाचायला लावत असशील. कसं जमवलंस गं एकटीने?

आज सकाळी मी आम्हा परदेशी मुलांचं इथलं शिक्षणाचं वर्ष बघणाऱ्या बाईंकडे गेले. त्या भल्या आहेत, पण नियमाला पक्क्या. मध्येच परत गेलं तर वर्ष धरत नाहीत आणि पुन्हा येता येत नाही. अर्जात कारणाचा रकाना होता. काय झालंय तेच ठाऊक नाही, तर लिहू काय? शेवटी लिहिलं, वडील. बाईंनी तेवढ्यावरच सही केली. अंतिम फेरी उद्या आहे. चिठ्ठीवालीला सांगितलं तेव्हा ती भडकली, दार आपटून गेली, आणि दहा मिनिटांनी परत येऊन माझी बॅग स्वतः उचलून स्टॉपपर्यंत आली. उद्या ती एकटी काय करणार, देव जाणे.

मी विमानतळावर आहे, ताई. तासाभराने आत सोडतील. येऊ का म्हणून विचारायला हे पत्र लिहिलं नाही, तू तोंडाने नाहीच म्हणशील आणि मी ऐकेन अशी मला भीती वाटते. परवा सकाळी पोचते. बाबांना सांगू नकोस, त्यांच्या जिवाला उगाच घोर लागेल, आल्यावर मीच बघते काय सांगायचं ते. हो, मीच म्हणते आहे लपव म्हणून. हसू नकोस. तू मला काहीच समजावून सांगू नकोस, कोणता आजार, किती दिवस, काही नको. उतरल्यावर टॅक्सीवाल्याला कुठे न्यायला सांगू, घरी की दवाखान्यात, तेवढं कळव. एकाच शब्दात लिही, पण खरा लिही.

तुझीच,
धाकटी