एक जूनला जन्मलेले दोन हरेश्वर

सोम., ३ फेब्रु.
चंदनसारच्या डायलिसिस सेंटरचं अ‍ॅप तपासून झालं. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, एकच लाल. ते मीच उकरून काढलेलं.
खोटी नावं सुचली नाहीत की मी गावातली घालते. या वेळी काकांचं घातलं, हरेश्वर पाटील. त्या नावाचे गावात दोघं. आमचे काका बावखलवाले, घरामागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आहे म्हणून, दुसरे फुलवाले. दोघांची जन्मतारीख १ जून, साल एकच. गुरुजींनी अख्ख्या वर्गालाच एक जूनला जन्माला घातलं होतं. दोघंही याच सेंटरचे पेशंट. फुलवाले दिवाळीआधी गेले बिचारे. त्यांना अ‍ॅपमध्ये ‘मयत’ केलं, तर काकांच्याही डायलिसिसच्या पुढच्या सगळ्या पाळ्या रद्द! अ‍ॅपच्या लेखी दोघं एकच माणूस.

बुध., ५
निखिलसरांना दाखवलं. आमच्या माणिकपूरच्या ऑफिसात चार टेबलं, बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं.
“मृणाल, असले दोन हरेश्वर तुझ्याच गावात असणार.”
म्हटलं, सर, अ‍ॅप तरी आमचंच गाव वापरणार आहे ना? हसले. मग म्हणाले, दुरुस्तीला आठवडा जाईल, सोमवारी सुरू करायचा शब्द दिलाय. सेंटरच्या डॉक्टरबाईंना तपासणीच्या रिपोर्टची पब्लिक लिंक पाठव. पासवर्ड नको, लॉगिन नको, फोनवर पटकन उघडली पाहिजे. “आणि फिल्टर लाव. फक्त पास झालेलं दिसू दे.”
लावला. दोन क्लिक. खोटं एक अक्षर लिहिलं नाही, नुसतं लाल दिसेनासं केलं. पाठवली. स्वतःचीच चीड येतेय.

गुरु., ६
डॉक्टरबाईंचा मेसेज: ‘वा! एकही चूक नाही. ट्रस्टींनाही पाठवली.’ ट्रस्टींनी पुढे कुठे कुठे पाठवली देव जाणे. संध्याकाळी काकांनीच फोन माझ्यापुढे धरला. पेशंटांच्या ग्रुपवर आलेली.
“तुज्या हापिसाचा हाय ना गो? सगला हिरवा हाय. मंजे चांगलाच असंल.”
हो म्हटलं. काकूने चहा दिला.

शुक्र., ७
काकांची पाळी. मंगळवार-शुक्रवार जावंच लागतं. आज अर्धी रजा टाकून सोबत गेले. सिस्टरच्या वहीत नाव बघितलं: ‘हरेश्वर पाटील – बावखल’. वहीला कळतं ते आमच्या अ‍ॅपला कळत नाही.
सिस्टर खुशीत. “सोमवारपासून ही वही कपाटात. आता सगळं फोनवरच येणार.”
मागे एकदा रिक्षा बंद होत्या आणि काकांची पाळी चुकली. पाय सुजले, श्वास लागला, आडवं होता येईना. काकू उशा लावत बसलेली. ते डोळ्यांपुढून हलत नाही.

शनि., ८
सरांना पुन्हा सांगितलं. “बरं, तुझ्या काकांची नोंद हाताने वेगळी करून देतो. झालं?”
आणि बाकीच्या एक जूनवाल्यांचं काय? पन्नाशी-साठीच्या पुढचा अर्धा तालुका त्याच तारखेचा आहे.
“तुला नोकरी करायचीय ना?”
काकांपुरतं होतंय ना, असं मनात आलंच. खोटं का बोला. पण जेवायच्या सुट्टीत दुसरी पब्लिक लिंक केली, फिल्टर काढून. डॉक्टरबाईंना पाठवली: ‘मॅडम, आधीची लिंक अर्धीच होती. ही पूर्ण आहे. सोमवारच्या आत बघाच.’
डबा तसाच परत आणला.

रवि., ९
सकाळपासून दोन टिक, पण बघितलेलं नाही. चर्चमध्ये मिस्साला गेल्या असतील. मग त्यांच्याकडे पाहुणे असतात…
बारा वाजता सरांचा मेसेज: ‘ही दुसरी लिंक कोणी केली? बंद केलीय. उद्या बोलू.’ कोणी केली ते तिथेच दिसतं. तरी विचारलं.
चार वाजता डॉक्टरबाई: ‘मृणाल, लिंक उघडत नाहीये. काय होतं त्यात? आज घरीच आहे, फोन कर.’
आता लिंक नाही. आता तोंडाने सांगायचं. आधीच्या लिंकमधलं लाल मीच लपवलं, हेसुद्धा. भीती वाटतेय. सरांची, आणि बाईंची त्याहून जास्त.
नंबर काढून बसलेय. काका ओटीवरून विचारतायत, “मंगलवारी रिक्सा किती वाजता सांगू गो?”