दुसऱ्या फोनमधला माझा आवाज

आबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. सुरतेतली उधन्याची खोली अजून आपलीच आहे. आई आता खाटेवरच असते आणि मी तिच्या पायाशी बसून नोकरी करते. तिला एकटं टाकून बाहेर पडता येत नाही, म्हणून कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या शेठनं मला घरून काम दिलं. दर सोमवारी सकाळी फोनवर मीटिंग असते. कोण आलं, कुणाचा माइक बंद करायचा, काय ठरलं, ते मी सांभाळते.

दोन महिन्यांपूर्वी मिलमध्ये एका कारागिराची दोन बोटं मशीनमध्ये गेली. मशीनची सुरक्षेची जाळी काढून ठेवलेली होती. चौकशीला सरकारी साहेब येणार होते. त्याआधीच्या रविवारी शेठचा फोन आला. "बेन, उद्याचं रेकॉर्ड करा. पण ॲपमधलं बटण दाबू नका, ते सगळ्यांना कळतं. मीटिंग स्पीकरवर ठेवा, शेजारी दुसऱ्या फोनचा रेकॉर्डर लावा."

"कुणाला सांगायचं नाही?"

"सांगितलं तर कोण बोलेल? आणि बेन, घरून काम करायला तयार असलेल्या बऱ्याच जणी आहेत." आवाज अगदी शांत. मी आईची चादर बदलत होते. हो म्हणाले.

सोमवारी मीटिंगमध्ये मिलचं मशीनखातं सांभाळणारे मास्तरकाका आले. तुमच्याबरोबर एकाच गाडीनं सुरतेला आलेले, मी दहावी पास झाले तेव्हा मला घड्याळ देणारे. जाळीचा विषय निघाला तसे ते थांबले. म्हणाले, "पोरी, हे रेकॉर्ड होत नाहीये ना?"

माझा माइक बंद होता. उत्तर द्यायला तो मलाच उघडायचा होता. पडद्यावर शेठचा चेहरा हलत नाही. मी माइक उघडते आणि म्हणते, "नाही काका."

ते निर्धास्त बोलले. "जाळी हातानं मीच काढली. पण काम वेगात व्हावं म्हणून तुम्हीच काढायला लावली, शेठ. साहेबांना मी तेच सांगणार." दुपारी शेठनं सांगितलं, 'मीच काढली'च्या पुढचं कापून पाठवा. मी कापलं. पाठवलं.

आबा, मला बमरोलीचा तो दिवस आठवला. मी डबा घेऊन तुमच्या मागांच्या कारखान्यात आले होते. तुम्ही पाणी प्यायला गेलात आणि तुमचा माग बंद पडला. कुणामुळे बंद पडला, असं मुकादमानं विचारलं तेव्हा मी शेजारच्या माणसाचं नाव सांगितलं. तुम्ही परत आलात, ऐकलंत, आणि मागांच्या त्या खडखडाटात माझ्या कानाशी वाकून ओरडलात, "खोटं कसाले बोलनी व?" मग स्वतः मुकादमाकडे गेलात. मला वाटलं होतं, तुम्हाला वाचवलं म्हणून तुम्ही खूश व्हाल.

मास्तरकाकांना शेठनं ऑफिसात बसवून ते रेकॉर्डिंग ऐकवलं. राजीनाम्यावर सही घेतली. ते गावी निघून गेले. तिथून एकदा त्यांचा फोन आला. "पोरी, त्यात सुरुवातीला तुझाच आवाज आहे," एवढंच म्हणाले. मी वाट पाहत राहिले की आता शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "आई जेवते का नीट?" फोन ठेवल्यावर मी आईला सांगितलं, काका आपणहून काम सोडून गेले.

न कापलेलं रेकॉर्डिंग जुन्या फोनमध्ये तसंच आहे. काकांचा नंबर काढते, पाठवायला बोट नेते, तेवढ्यात आई हाक मारते, किंवा मारली असं मला वाटतं. ते पुसूनही टाकता येत नाही. सोमवार आला की तेच दोन फोन शेजारी शेजारी मांडते.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी तो पाठवला नसता. शेठनं दम दिला म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत असते. पण त्या सोमवारी मीटिंगआधी मी कुकरखालचा गॅस बंद केला होता, शिट्टी मध्ये येऊन काकांचं एखादं वाक्य बुडू नये म्हणून. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.