दर चाकी दोनशे ग्रॅम बीड

दिनांक ९ मार्च, सोमवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. दुकानाच्या पायरीवर बसून, फुगवलेली ट्यूब टाकीतल्या पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहतो आहे. येत नाहीत. तरी पाहतो आहे.

तीर्थरूप मामांस, भाच्याचा वाकून नमस्कार.

मामींचा गुडघा आता कसा आहे? (पुढे या पत्रात गुडघ्याचा विषय पुन्हा निघणार आहे, पण तो दुसऱ्याचा, मामींनी मनाला लावून घेऊ नये.) लेथवर बसताना तुम्ही तोंडाला फडकं बांधता ना? हे आईने विचारायला सांगितलं आहे असं समजा. तिला हे पत्र दाखवलेलं नाही, तुम्हीही कळवू नका.

तुम्ही मला या टायरच्या दुकानात चिकटवून दिलंत त्याला चौदा महिने झाले. दुकानात आम्ही तिघं: शेठ, जे गल्ल्यावर बसतात, हवाकाका, जे एकतीस वर्षं टायर काढताहेत आणि बसवताहेत, आणि मी, ज्याला नववीपर्यंत शुद्धलेखनात पैकीच्या पैकी मिळायचे आणि बाकी कशातच मिळायचे नाहीत. जे झालं ते शुद्धलेखनामुळेच झालं, हे आधीच सांगून टाकतो.

डोंगरातल्या दवाखान्याची एक जीप आमच्याकडे येते. खडकाळ वाटेने रुग्ण आणायचं काम तिचं. तिला जाड दातांचे मोठे टायर बसवले आणि तेव्हापासून वेग पन्नासच्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथर कापायचं. ड्रायव्हर म्हणायचा, माणूस ताप घेऊन बसतो आणि हीव घेऊन उतरतो. चाकाचा तोल साधायला रिमला शिशाची वजनं ठोकतात, पण दगडधोंड्यांत ती एका फेरीत गळून पडतात. म्हणून कुणीतरी त्याला सांगितलं की टायरच्या आत सुटे बारीक मणी टाकायचे. चाक पळायला लागलं की ते आपोआप जड बाजूच्या समोर जाऊन बसतात आणि चाक शांत होतं. हे सगळं मला आज माहीत आहे. त्या दिवशी ड्रायव्हर जीप लावून निघून गेला होता आणि माझ्या हातात फक्त त्याची चिठ्ठी होती: ‘चारही चाकांत बीड टाका. दर चाकी दोनशे ग्रॅम. सुटं राहू द्या.’

मण्याला इंग्रजीत बीड म्हणतात. मी इंग्रजीत कच्चा. चिठ्ठी मी तीनदा वाचली. बी दीर्घ. (‘बिडाचा’, ‘बिडाला’ म्हणताना तो ऱ्हस्व होतो, पण इथे सामान्यरूप नव्हतं, म्हणजे ड्रायव्हरने अचूक लिहिलं होतं आणि मला त्याच्याबद्दल आदर वाटला.) आमच्या धंद्यात टायरची जी कड रिमला घट्ट बसते तिलाही बीड म्हणतात, पण कड काही कुणी ग्रॅमवर टाकत नाही, म्हणून तो अर्थ मी विचारपूर्वक बाद केला. उरलं ते ओतीव लोखंड, जे तुम्ही रोज लेथवर कातता.

शंका आली नाही असं नाही. शंका मला येतेच. पण शेठना काही विचारलं की ते म्हणतात, “शाळा सोडलीस, पण प्रश्न काही सोडले नाहीस.” म्हणून हवाकाकांना विचारलं. ते एका ट्रकच्या चाकावर वाकले होते. “काका, बीड अगदी पाहिजेच का?” ते वर न बघता म्हणाले, “बीड नीट नसेल तर चाक उभं तरी राहील का रे सोन्या?” ते कडेबद्दल बोलत होते. मला परवानगी मिळाली.

जीपच्या सीटवर पांढऱ्या गोळ्यांच्या चार पुड्याही होत्या. औषधांच्या डब्यात ओल शोषून घ्यायला ‘खाऊ नये’ असं लिहिलेल्या पुड्या घालतात, तशाच. (आकाराने बऱ्याच मोठ्या होत्या, पण म्हटलं, दवाखाना मोठा असेल.) जीप धुताना भिजतील म्हणून मी त्या काकांच्या कपाटात त्यांच्या पान्यांशेजारी ठेवल्या, म्हणजे तेवढ्यात पान्यांचा गंजही थांबेल. परत ठेवायच्या राहिल्या.

मग तुम्हाला चिठ्ठी लिहिली आणि तुम्ही काही न विचारता दुधाच्या गाडीवाल्याबरोबर आठशे ग्रॅम बिडाचा चुरा पाठवलात, तोही मामींच्या पिठाच्या चाळणीने चाळून. मी तो तराजूवर तोलून भरला. कणाचाही फरक नव्हता.

चार दिवस जीप लोण्यासारखी चालली. ड्रायव्हर मुद्दाम थांबून सांगून गेला, “पोरा, आता पेशंट झोपून येतात.” पाचव्या दिवशी, खडकाळ उतारावर टायर जरा बसका व्हावा म्हणून त्याने नेहमीप्रमाणे थोडी हवा सोडली. हवेबरोबर चुरा व्हॉल्वमध्ये आला आणि अडकला. व्हॉल्व मिटेना. हवा हळूहळू जात राहिली आणि तिसऱ्या वळणावर पुढचा टायर रिमवरून सुटला. जीप ओढ्यात गेली. मागच्या आजीबाई स्ट्रेचरला बांधलेल्या होत्या, त्यांना खरचटलंही नाही, त्या म्हणे विचारत होत्या, “आला का दवाखाना?” ड्रायव्हरचा उजवा गुडघा गेला. पाय राहील, पण वाकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ब्रेकचा पाय, मामा. (मी वॉर्डात जाऊन आलो. तो म्हणाला, “बरं झालं, आता कुणी मला मांडी घालून बस म्हणणार नाही.” मी हसलो. हसायला नको होतं.)

टायरमध्ये चुरा सापडला, तो कुणी टाकला म्हणून दवाखान्याने शेठकडे एक नाव मागितलं. मी तोंड उघडायच्या आत हवाकाका पुढे झाले. “मीच. पोरानं विचारलं होतं, मीच हो म्हटलं. काय टाकलं ते आठवत नाही, पण मीच टाकलं असणार.” त्यांना हल्ली आठवत नाही. झाकण हातात धरून झाकण शोधतात. मी म्हणालो, मी टाकलं, बीड टाकलं. तर शेठ माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. “तू? तू तर नटसुद्धा दोनदा मोजून लावतोस. म्हाताऱ्यासाठी खोटं बोलतोस, मन मोठं आहे तुझं.” मग काकांचं कपाट उघडलं आणि चार पुड्या निघाल्या, म्हणजे ड्रायव्हरने आणून ठेवलेले खरे मणी. झालं. मी जितका ओरडून सांगायला लागलो तितका माझा मोठेपणा वाढत गेला. शेजारच्या पंक्चरवाल्याने माझी पाठ थोपटली.

काकांना घरी बसवलं. काल त्यांच्याकडे गेलो होतो. आता त्यांना आठवायला लागलं आहे. कुठल्या हाताने टाकलं तेसुद्धा त्यांनी मला दाखवलं.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जपावं.

तुमचा भाचा

ता. क. तुम्ही आलेल्या चिठ्ठ्या लेथमागच्या खिळ्याला टोचून ठेवता. माझी तिथे असेल. ‘आठशे ग्रॅम बीड, बारीक, चाळून.’ खाली तारीख आणि सही आहे. ती घेऊन तुम्ही स्वतः या आणि शेठसमोर, पण आधी काकांसमोर, मोठ्याने वाचा. माझं कुणी ऐकत नाही. काकांना नोकरी मिळाली नाही तरी चालेल, पण त्यांनी ते टाकलं नाही हे त्यांना कळू दे.

ता. क. दुसरा. शुक्रवार, १३ मार्च, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. पत्र चार दिवस माझ्या खिशात आहे. पत्ता तपासत होतो. (पत्ता मला पाठ आहे.) बुधवारी शेठनी मला काकांच्या जागेवर घेतलं. मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं आणि ‘बरं’ म्हणालो. आज पत्र टाकतो. तुम्हाला मिळालं तर टाकलं असं समजा.

हिशेब:
पाकीट आणि तिकिटं, २५.
वॉर्डात नेलेली फळं, १२०.
शेठनी टायरपोटी काकांच्या शेवटच्या पगारातून कापले, ९४००. हे माझं देणं.
पैकी आजवर दिले, काही नाही.
माझी पगारवाढ, महिना १५००. घेतली.