इजेचा दगड

१२ ऑक्टोबर २००४
तिसरा लेख या आठवड्यात द्यायचा. विश्व जन्मलं, तारे पेटले, पृथ्वी गार झाली — दोन लेखांत उरकलं! आता माणसापर्यंत यायचंय. पण मध्ये हातात धरता येईल असं काहीतरी हवं. नवेगाव बांध गावच्या भागीरथाबाईंकडे 'इजेचा दगड' आहे म्हणतात. वीज पडली तेव्हा धानाच्या बांधीत सापडलेला. उल्का असेल तर? पृथ्वीएवढी म्हातारी वस्तू, आणि आपल्या जिल्ह्यात!

१४ ऑक्टोबर
पाहून आले. तळहाताएवढा, काळा, गुळगुळीत, एका टोकाला धार. तांदळाच्या कोठीत ठेवतात. घरातली बाई अडली की तिच्या उशाशी. "इज कशी झपकन येते, तसं लेकरू आलं पायजे."
त्यांचा मुलगा टिकाराम हसून राहिला होता. "मी तं दोन दिवस लावले म्हन्ते ना, माय?"
"तुह्या आंगातच आळस. दगड काय करन?"
टिकारामच्या बायकोला नववा लागलाय, पहिलटकरीण. नागपूरला दाखवून आणते म्हटलं तर बाईंनी दगड पदराखाली धरला. "दिवाळीच्या आंधी आनजो, बाई. पोरगी भेली हाये." कबूल करून आणला.

१५ ऑक्टोबर
फुलचूरहून लेकीचा, मोनालीचा फोन. याही वेळी गर्भ राहिला नाही. ती रडली नाही, हेच जास्त लागलं.
आज काही लिहिलं नाही.

२३ ऑक्टोबर
उल्का नव्हे! नागपूरच्या प्राध्यापकांनी भिंग हातात दिलं — घासल्याच्या बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेनं. दगडी कुऱ्हाडीचं पातं. तीन-चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून घासलेलं. कुणी? कुठे बसून? पाण्याकाठी? अंगठा रेघांवरून फिरवत राहिले, प्राध्यापक बोलत होते ते ऐकूच आलं नाही.
"हा इथंच राहू द्या."
नाही म्हटलं.
"अहो, बाळंतिणीच्या उशाशी? तुम्ही विज्ञानावर लिहिता ना?"
लिहिते. तरी घेऊन आले.

२६ ऑक्टोबर
सांगायची धास्ती होती. आभाळातून पडलाच नाही म्हटल्यावर त्या पोरीला धीर कशाचा? पण सांगितलं. भागीरथाबाईंनी दगड उलटासुलटा पाहिला.
"मानसानं केला?"
"हो. फार जुन्या."
"मंग त्याले बी कोन्या बाईनं जलम देल्ला असन ना? तिची सुटका झालीच असन." आणि दगड कोठीत!
घरी येऊन लेखाची सुरुवात खोडली. तिथूनच सुरू केलं — कुऱ्हाड घासणाऱ्याच्या आईपासून.

९ नोव्हेंबर
मुलगी! टिकारामचा फोन. "दवाखान्यात नेलं, मॅडम. पन मायनं दगड थैलीत आनलाच. नर्सबाई बोंबलली ना!"
दोघी सुखरूप.

२० नोव्हेंबर
भागीरथाबाईंनी आपणहून दगड दिला. "आता आमच्या घरी एवढ्यात कोनी नाई. देजो तुह्या सायबाले. पाहू दे त्याले." पुढच्या आठवड्यात नागपूरला पाठवते.

२ सप्टेंबर २००५
प्राध्यापकांचा पुन्हा फोन. दगड कधी पाठवताय?
डिसेंबरनंतर, म्हटलं. का, ते सांगितलं नाही.
मोनालीला सातवा लागलाय. दगड आमच्या तांदळाच्या डब्यात आहे.